तब्येत विचारणारा फोन

आमच्या ह्यांना कोणीही, कुठेही विचारावं, "काय, कशी काय तब्येत?" उत्तर ठरलेलं असायचं: "एकदम बढिया!" ताप असो, कंबर धरलेली असो, उत्तर तेच. एकदा दाढ काढून तोंडात कापसाचा बोळा घेऊन आम्ही घरी येत होतो. गल्लीच्या तोंडाशी कारखान्यातले एक जुने सोबती भेटले. ह्यांनी बोळा जिभेने गालात सरकवला आणि म्हणाले, "बढिया!" ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं आणि हा माणूस हसत होता. मी शेजारी उभी, कपाळाला हात लावून.

हे त्यांच्या घरातूनच आलेलं आहे. सासरे मिलमध्ये कारकून होते आणि शेवटच्या आजारातही भेटायला येणाऱ्याला "मजेत, मजेत" म्हणत गेले. सासूबाई मला सांगायच्या, "आलेल्या माणसापुढे चहा ठेवावा, दुखणं ठेवू नये." इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं, कोणाची कढी उतू गेली तरी शेजारी कळतं. तरी दुखणं मात्र बाहेर जाता कामा नये. पाहुणे येणार म्हटलं की आधी टेबलावरची गोळ्यांची डबी साड्यांच्या कपाटात जायची, मग पोहे भिजायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला ही रीत फार खानदानी वाटली होती. आता त्याच रीतीचा संताप येतो.

ह्यांना साखर आहे. मुलगा कॉलेजात होता तेव्हापासून. पण घरात शुगर हा शब्द उच्चारायचा नाही. आमच्याकडे तिचं नाव "ती गोळी". "ती गोळी घेतलीत का?" एवढंच विचारायचं, तेही हळू आवाजात, आणि सकाळी मित्रांबरोबर पोह्यांवर जिलबी खाऊन आलेल्या माणसाने "हो हो" म्हणायचं.

मुलगा पुण्याला नोकरीला. त्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आम्ही दोघं होतो. तिथे कोणी काही विचारलं नाही, जुनी दुखणी असोत नसोत, नाव टाकलं आणि झालं. मुलगा म्हणायचा, "आई, टेन्शन नको घेऊ." टेन्शन सुनेने घेतलं. ती ह्या बाबतीत हुशार आहे. म्हणाली, "आई, ते कव्हर लहान आहे. हार्टचं काही निघालं तर अर्ध्या वाटेत संपेल. वरून एक टॉप-अप घेऊन ठेवू." मी सांवेरच्या खासगी शाळेत जन्मभर गणित शिकवलं, रोज बसने जाऊन-येऊन. पेन्शन नाही, काही नाही. टॉप-अप म्हटल्यावर मला आधी मोबाईलचा रिचार्जच वाटला.

मग एजंट आला. ह्यांच्याबरोबर पोलोग्राउंडच्या कारखान्यात होते त्या मित्राचा मुलगा. सगळी गल्ली त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणते, म्हणून आम्हीपण भियाच म्हणतो. मराठी घरातलाच, पण बोलणं अर्धं हिंदी. त्याने समजावलं मात्र छान.

"काकूजी, ऐसा समझो. नळाला नर्मदेचं पाणी रोज येतं का? नाही. म्हणून घरात हौद आहे. मुलाच्या कंपनीची पॉलिसी म्हणजे तो हौद. हौदातलं पाणी संपलं की काय करता? टँकर बोलावता. टॉप-अप म्हणजे टँकर. हौद रिकामा झाल्याशिवाय येणार नाही, म्हणूनच सस्ता पडतो."

"आणि एका वर्षात दोनदा आजारी पडलं तर?" मी विचारलं. मास्तरीण आहे, उदाहरणातली खोच आधी शोधणार.

"बस, इथेच लोक फसतात. साधा टॉप-अप प्रत्येक आजाराला हौद पुन्हा पहिल्यापासून मोजतो. सुपर टॉप-अप वर्षाचा सगळा खर्च एकत्र धरतो. अपन सुपरवालाच घेऊ. दोघांची एकच पॉलिसी, काकाजींच्या नावाने." मग तो जरा गंभीर झाला. "पण एक बात है. जुनी बिमारी असेल तर सगळी सांगायची. सांगितली तर त्या बिमारीसाठी काही वर्षं थांबावं लागेल, पैसे जास्त पडतील, कदाचित नाहीच म्हणतील. लपवली तर टँकर दारापर्यंत येऊन परत जाईल. काकाजी, कुछ है क्या?"

"अरे नहीं रे, सब बढिया," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि टेबलाखाली ह्यांचा पाय माझ्या पायावर पडला. चांगला जोरात. भिया गेल्यावर मी पाय चोळत भांडले. ह्यांचं म्हणणं, मित्राच्या पोरासमोर काय दुखणी काढून बसायचं? संध्याकाळी पोलोग्राउंडच्या सगळ्या जुन्या मंडळींना कळलं असतं. "विमा कंपनीच्या डॉक्टरचा फोन येणार आहे ना, त्याला सांगतो. तो परका आहे." मला ते पटलं. परक्यापुढे लाज कशाची?

फोन आला तेव्हा मी भजी तळत होते. हे बाहेर ओट्यावर, फोन स्पीकरवर. मुलीचा गोड आवाज. "सर, यह कॉल रिकॉर्ड हो रही है. आपको डायबिटीज, बीपी, हार्ट की कोई तकलीफ? कोई दवाई चालू है?"

"अरे नहीं बेटा, सब बढिया! आप कैसी हैं?"

मी झारा हातात घेऊनच बाहेर धावले. तोवर हे तिला इंदूरला ये, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत तुला तळलेले गराडू खिलाता हूं, वगैरे आमंत्रण देत होते. फोन बंद झाला आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही एक काम मार्गी लागलं.

"अहो, साखरेचं?"

"निघालंच नाही तोंडातून," हे म्हणाले. "ती एवढ्या प्रेमाने तब्येत विचारते, तिच्यापुढे काय रडगाणं गायचं? आणि झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सव्वा लाखाची!" माझा आवाज तीन घरं पलीकडे गेला असेल. "ही मूठ हॉस्पिटलात उघडतात. तिथे डॉक्टर विचारतो, तुम्ही सांगता, तो कागदावर लिहितो, आणि तो कागद जातो कंपनीकडे. तिथे साखर निघाली, इथे तुमचं बढिया निघालं, की झालं. मग कोणी विचारायला येणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. किती नीट कळत होतं, ते मला नंतर समजलं.

मी स्वतः कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी माणूस आला तर म्हणाला, पॉलिसी सरांच्या नावाने आहे, सरच बात करेंगे. मी रोज मागे लागले. हे रोज "उद्या". एके दुपारी बाहेरून आले, चपला काढता काढता म्हणाले, "केला फोन. सांगितलं सगळं."

"काय म्हणाले?"

"नोट कर लिया, म्हणाले."

मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी भरली वांगी केली. ह्यांनी दोनदा मागून घेतली आणि माझ्याकडे न बघता जेवले.

थंडीच्या दिवसांत हे सकाळी पोहे खायला गेले आणि नेहमीपेक्षा लवकर परत आले. आत आलेच नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले. अंगावर स्वेटर आणि स्वेटरच्या आत शर्ट घामाने चिंब. तोंडाचा रंग राखेसारखा.

"काय होतंय?"

"काही नाही. पोहे जड पडले."

मी काही ऐकून घेतलं नाही. शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि निघाले. हॉस्पिटलात छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, धावपळ सुरू झाली. लगेच अँजिओग्राफी करायची म्हणाले. एक तरुण डॉक्टरीण बाई कागद घेऊन आली. "अंकल, शुगर है? कोई गोली लेते हैं?"

"नहीं."

"बीपी?"

"नहीं नहीं. सब बढिया."

पहिल्यांदा मला वाटलं, खोड ती खोड. मरणाच्या दारातसुद्धा ह्या माणसाला पाहुणचार सुचतो! मी बोलणार तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढीशी. नको, म्हणून.

त्या मानेच्या हलण्यात मला सगळं कळलं. ह्यांनी कंपनीला फोन केलाच नव्हता. आणि आता जे "नाही" म्हणत होते ते सवयीने नव्हे. इथे सांगितलेलं कागदावर येतं, कागद कंपनीकडे जातो, हा धडा मीच दिलेला. विद्यार्थ्याने शब्द न् शब्द पाठ केला होता. छातीत कळ येत असताना हा माणूस टँकर वाचवत होता. आपल्यामागे बायको रस्त्यावर येऊ नये म्हणून.

खोटं कशाला सांगू, माझीही जीभ अडली. ऑपरेशन निघालं तर हौद कुठवर पुरणार, हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाई पुढच्या रकान्याकडे वळली. आणि मग मला एकदम राग आला, कोणाचा ते सांगता येत नाही, ह्यांचा, सासूबाईंचा, त्या गोड आवाजाच्या मुलीचा, सगळ्यांचा.

"डॉक्टर, इनको शुगर है. बरसों से है. रोज गोली लेते हैं, आज सुबह भी ली है." पर्समधून मी गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

ती ह्यांच्यावर जवळजवळ ओरडली. "अंकल! यही तो पूछ रही थी मैं. इस गोली पर हम अँजिओग्राफी की रंगवाली दवा नस में डाल देते तो किडनी पर आ सकता था." मग नर्सला हाका, रक्त पुन्हा तपासायला. आमच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

ह्यांनी डोळे मिटले होते. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग बस आता भीक मागत."

"मागेन," मी म्हणाले. "पण तुम्ही बरोबर हवे." आणि तिथेच त्या खाटेच्या दांड्याला धरून रडले.

बायपास झाली. मुलगा-सून आले, राहिले, धावले. हौद अर्ध्या वाटेत आटला, सुनेने सांगितलं होतं तसाच. टँकर दारापर्यंत आला आणि परत गेला, भियाने सांगितलं होतं तसा. कंपनीने फोनवरचं रेकॉर्डिंग काढलं. पैसे तर दिले नाहीतच, पॉलिसीही रद्द केली. एकच पॉलिसी दोघांची, म्हणजे माझीही गेली. म्हातारपणासाठी ठेवलेला सांवेर रोडचा प्लॉट विकला. भिया घरी येऊन नुसता बसून राहिला. मी म्हटलं, "अरे, तू बोल काही तरी. मी सांगितलं होतं, असं तरी म्हण." तो म्हणाला, "काय बोलू काकूजी, माझ्याच समोर तर नाही म्हणाले होते."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण उन्हाळ्यात मुलाचा फोन आला. आवाज पडलेला. त्याच्या कंपनीने पुढच्या वर्षापासून आई-वडिलांना विम्यातून काढायचं ठरवलं होतं. म्हणजे आता हौदही नाही. सत्तरी झाली की फुकट उपचारांचं सरकारचं कार्ड मिळतं, पण ह्यांना त्याला अजून वेळ आहे आणि मला तर ह्यांच्याहूनही जास्त. बायपास झालेल्या माणसाला नवी पॉलिसी द्यायला कोणी तयार नव्हतं. भिया म्हणाला, निदान काकूंची तरी करून टाकू. ज्येष्ठांसाठीची असते एक, दर बिलातला काही हिस्सा आपण भरायचा, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. "काकूजी, फोन येईल. तुम्हाला तर काही नाही ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले.

आता जे सांगते ते मी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून गच्चीवर कपडे वाळत घालायला चढताना मला दम लागत होता. साधा नाही. जिन्याच्या मध्यावर थांबावंच लागायचं, छाती भात्यासारखी चालायची. कोणी पाहिलंच तर म्हणून मी तिथे उभी राहून मोठ्याने कपड्यांचे चिमटे मोजायची. डॉक्टरकडे गेले नाही. गेले की कागद होणार, कागद झाला की मी कागदावर आजारी, आणि मग पॉलिसी कोण देणार? आधी पॉलिसी होऊ दे, मग दाखवू, असा माझा हिशेब. म्हणजे ज्याच्यासाठी मी ह्यांना झारा घेऊन झोडपलं, तेच करायला मी निघाले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण भीती वाटली की माणसाचं ब्रह्मज्ञान पळतं. ह्यांचं दुखणं परत उलटलं तर एक मी तरी धड असायला हवी, कागदावर का होईना, असं मला वाटायचं.

फोन दुपारी आला. हे दिवाणावर पडले होते, छातीशी उशी धरून. खोकला आला की टाक्यांवर ताण येतो म्हणून हॉस्पिटलात शिकवलेली सवय, ती अजून सुटली नाही. मी फोन स्पीकरवर टाकून पलंगाच्या कडेला बसले. तोच नसेल, पण तसाच गोड आवाज. शुगर? नहीं. बीपी? नहीं. खरीच उत्तरं होती.

"मॅम, सीने में दर्द, चक्कर, सांस फूलना, ऐसा कुछ?"

मी नाही म्हणणार होते, साधं. तोंडातून निघालं, "नहीं बेटा, सब बढिया."

अगदी ह्यांच्याच सुरात. माझ्याच कानांना कसंतरी झालं.

हे उठून बसले. उशी एका हाताने छातीशी धरूनच उभे राहिले, माझ्याजवळ आले आणि फोनसाठी हात पुढे केला. मी फोन मागे घेतला. डोळ्यांनी म्हटलं, नको. तशीच मान हलवली, जशी त्यांनी त्या दिवशी हलवली होती. तेव्हा हे वाकले आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "बेटा, लिखो. इनकी सांस फूलती है."

"सर, आप कौन?"

"मैं इनका पति. जीना चढते बीच में रुक जाती हैं, चिमटे गिनने का नाटक करती हैं. गर्मी शुरू हुई तब से चल रहा है. इनको लगता है मुझे पता नहीं. मैं नीचे पडा पडा सुनता हूं, पैरों की आवाज रुक जाती है." मग म्हणाले, "सब लिख लो. पूरा."

फोनवरच्या मुलीने टकटक करत लिहून घेतलं. मग म्हणाली, "ठीक है सर. फिर मॅम की जांच के बाद ही पॉलिसी का फैसला होगा." फोन बंद झाला.

मला संताप आला आणि रडूही आलं. "आता बसा भीक मागत," मी म्हणाले.

"मागू," हे म्हणाले. "आधी डॉक्टरकडे चल."

"आत्ता? ह्या उन्हात?"

"आत्ता."

त्यांनी स्वतः खुंटीवरची किल्ली काढली, दाराला कुलूप लावलं. गल्लीतून आम्ही हळूहळू निघालो, मी दम खात, हे उशी घरी विसरून हात छातीवर ठेवून. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नेहमीसारखी हाक मारली, "कहां चले काकाजी? सब बढिया?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे थांबले.

"नहीं भाई," हे मोठ्याने म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "बढिया नहीं है. इनको डॉक्टर के यहां ले जा रहा हूं. जरा रिक्षा रोक दो."